चांद्या बैलाविषयी मी दिलेली साक्ष

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. गोष्ट ओठावर आली की दुसरंच काहीतरी बोलत आलो – तुम्हीही असं कधी केलं असेल.

तसं माझं बरं चाललंय. सकाळी ऊन खात बसतो, भाकरी पचते, नातवंडं भांडतात ती ऐकतो. तक्रार काही नाही. तरी एक बैल आहे – त्याच्याविषयी बोलायचं राहिलं आहे.

जळगावात तेव्हा मोटारी मोजक्याच. मी नवा वकील, आणि मोटार माझ्याहून नवी. तिचा विमाही उतरवलेला. एका सकाळी धरणगावच्या रस्त्याला लागलो. वाटेत गोविंदराव वकिलांचा टांगा मागं टाकला. आमचं कोर्टात जमत नसे. आता सांगू का? माझ्या धुळीत त्यांचं तोंड कसं दिसतंय ते बघायला मी मागं वळलो. चांगलं बघून घेतलं. आणि मोटार धडकली.

रस्त्याच्या कडेला कापसाची गाडी उभी होती. गाडीवान सुकलालभाऊ मागच्या बाजूला दोर आवळत होते. माझं मडगार्ड त्यांच्या चाकात घुसलं, दिवा फुटला, अख्खी गाडी हादरली. मी समोर पाहिलं, तर माझ्या बाजूचा बैल, कपाळावर पांढरा टिळा असलेला चांद्या, जागच्या जागी उभा. एवढा दणका बसूनही त्यानं खूर उचलला नव्हता. रवंथ करत माझ्याकडे बघत होता.

कुणाला लागलं नाही. मोटार भुसावळच्या मिस्त्रीकडे गेली. चालवणाऱ्याचा हलगर्जीपणा असेल तर विमा मिळत नाही, असं एजंटानं कानात सांगून ठेवलं होतं. मग कंपनीचा माणूस चौकशीला आला. भला माणूस. त्यानं स्वतःच विचारलं, "बैल बुजला असेल, नाही का?"

मी काय म्हणालो असेन?

हो म्हणालो. एवढंच. त्यात, अंगावर आला, असंही जोडलं – वकील ना मी!

तो माणूस खातरजमा करायला सुकलालभाऊंच्या गावी गेला आणि पाटलाच्या ओट्यावर विचारता झाला, बुजरा बैल तो कुठला? गावाला तेवढं पुरलं. त्या गावात पोळ्याला सुकलालभाऊंची जोडी मानाची. वेशीतल्या तोरणाखालून पहिली तीच जायची, ढोलताशांत, पोराबाळांच्या गर्दीतून. बुजऱ्या बैलाला तिथं पुढे कोण घालील?

मोटार नीट झाली, विमा मिळाला, आणि मी पोळ्याला त्या गावी गेलो. खरं काय ते सांगायलाच गेलो होतो. चांद्याची शिंगं रंगवली होती, अंगावर झूल होती, आणि तो रांगेत सगळ्यांच्या शेवटी. सुकलालभाऊंनी कासरा मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता. पुढून कुणीतरी ओरडलं, "ओ सुकलाल, मांगेच ऱ्हाय रे! तुना बैल बुजाडू शे!" लोक हसले. तेही हसले.

मला पाहून त्यांनी रामराम केला. म्हणाले, "मी तं मांगे व्हतू, भाऊसाहेब. तुम्ही समोरथीन देखं. बुजना व्हई चांद्या. जनावरच शे ते."

चांद्या बुजला असेल, हे मानून त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता – स्वतःच्या बैलापेक्षा जास्त. एवढंच नाही, मोटारीला फार लागलं नाही ना, असं मलाच विचारलं. मी म्हटलं, झाली नीट. मग त्यांच्या घरी जेवलो. पुरणपोळी उत्तम होती, दोनदा मागून घेतली.

पुढच्या पोळ्याला जाईन म्हणत राहिलो. गेलो नाही. चांद्या म्हातारा होऊन गेला, मागोमाग सुकलालभाऊही गेले. मान त्यांच्या घराकडे परत आला नाही.

वाक्य त्या पोळ्यालाही तयार होतं. लहानसंच आहे.

सुकलालभाऊ, तुमचा चांद्या हलला नव्हता. मी मागं बघत होतो. मला माफ करा.