दुसरा नंबर शेजारणीचा

माझ्यावर कोणी विश्वासच ठेवला नाही हो. राजापूरला भाचीच्या लग्नात, भर पंगतीत, हातात जिलबी धरून मी फोनवर सांगत होते की मी सुखरूप आहे, माझ्या मानेवर कोणी कोयता ठेवलेला नाही. आणि जितकं सांगावं तितकी समोरच्यांची खात्री पटत चालली, ठेवलेलाच आहे म्हणून!

थांबा, मुळापासून सांगते. चहा निवला तर निवू दे.

आमचं घर पावसला, बागेतच. शेजारच्या वाडीत एक बंद घर फुटलं, तसा मुंबईहून आमच्या नीलेशने हट्ट धरला, घराला अलार्म बसवायचा. मी म्हटलं, अरे मी आहे ना. माझ्या एका हाकेला वानर बाग सोडतात, तिथे चोराची काय कथा? पण मुलगे कधी ऐकतात का? कंपनीचा माणूस आला, दाराखिडक्यांना पांढऱ्या डब्या चिकटवल्या, भिंतीवर आकड्यांची पाटी ठोकली आणि मला शिकवायला बसला.

मी चौथी शिकलेली. पण तेव्हाची चौथी, मास्तर उलट्या हातावर छडी मारायचे ती. सगळं पाठ केलं. 'आर्म' म्हणजे राखण चालू. 'डिसआर्म' म्हणजे राखण बंद. 'अवे' म्हणजे घरात कोणी नाही, सगळीकडे पहारा. 'स्टे' म्हणजे आपण आत झोपलोय, फक्त दारं-खिडक्या सांभाळ. आहे काय त्यात?

मग तो म्हणाला, काकू, नंबर दोन आहेत. पहिला तुमचा. दुसऱ्याला 'ड्युरेस कोड' म्हणतात. बाहेरच्या माणसाला नंबर द्यायची पाळी आली तर हा द्यायचा. भोंगा वाजणार नाही, पण आमच्या कंट्रोल रूमला गुपचूप कळेल. पुढे तो सुरी, जबरदस्ती असलं काहीतरी सांगत होता. मी म्हटलं, कळलं रे, इतकं फोडून सांगायला मी काय खुळी वाटले तुला?

मला का कळलं सांगू? आपल्याकडे घर सोडून जाताना किल्ल्या दोन असतात. एक आपल्या कमरेला, दुसरी शेजारणीकडे. ती येते, देवापुढे दिवा लावते, तुळशीला पाणी घालते. कंपनीने तीच रीत यंत्रात घातली होती! कोण आलं ते समजावं म्हणून तिचा नंबर तेवढा वेगळा. मला तर कौतुकच वाटलं. शिवाय एक परवलीचा शब्दही दिला होता. कंट्रोल रूमचा फोन आला की तो सांगायचा, एरवी कोणाला नाही. यातलं 'कोणाला नाही' तेवढं मी घट्ट धरून ठेवलं.

लग्न आलं ते नेमकं आंब्यांच्या दिवसांत. माजघरात अढी घातलेली. रोज पेंढा उकलून पिकलेले वर काढले नाहीत तर एक नासका सगळ्यांना नासवतो. वर्षाची मेहनत हो ती. म्हणून शेजारच्या मालनवैनीला किल्ली दिली आणि दुसरा नंबर दिला. ती बिचारी म्हणत होती, "नको गो, मला त्या यंत्राचं भय वाटतं. मी आपली बाहेरूनच तुळशीला पाणी घालीन." मी ऐकते होय? नंबर तिच्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतला.

आणि दुपारी पंगतीत फोन आला. कोणी मुलगी होती. विचारते, शेवंती नाचणकर मॅडम, आपण सुरक्षित आहात का? म्हटलं, आहे. आपल्यावर कोणाचा दबाव? म्हटलं, आहे की, विहीणबाईंचा, अजून एक जिलबी घ्या म्हणून. मग म्हणाली, परवलीचा शब्द सांगा.

"तो कोणाला सांगायचा नाही," मी म्हटलं, "तुमच्याच माणसाने बजावलंय. तू कोण लागून गेलीस?"

तिने एकदम आवाज खाली आणला. "समजलं मॅडम. घाबरू नका. मदत निघाली आहे."

मला वाटलं वाढप्यांबद्दल बोलते. म्हटलं, मदत भरपूर आहे इथे, जिलबी संपत आली तेवढं बघा.

लगेच नीलेशचा फोन. आवाज रडवेला. "आई, जास्त बोलू नकोस. तुझ्या आजूबाजूला किती जण आहेत तेवढंच सांग."

"चारशे तरी असतील," मी म्हटलं.

पलीकडे तो कोणाला तरी ओरडून सांगत होता, चारशे जण आहेत म्हणून!

तिकडे मालनवैनी पिकलेल्या आंब्यांची पाटी डोक्यावर घेऊन आमच्या दारातून बाहेर पडत होती. अंगणात कंपनीची दोन माणसं आणि हवालदार. पाटी पडली, आंबे उतारावरून पार कुंपणाच्या गडग्यापर्यंत गेले. दरडावून विचारलं तर घाबरून तिने नंबर घडाघडा म्हणून दाखवला. चोर सापडलाच की मग!

नीलेशकडून हे कळलं तशी मी भाच्याची जीप काढायला लावली. पोचले तर मालनवैनी ओट्यावर बसलेली, शेजारी हवालदार, आणि अख्खी वाडी गडग्यावर. माझं डोकंच फिरलं. लग्नाचा शालू खोचून मी अंगणातच सुरू झाले. माझ्या वैनीला चोर म्हणता? ज्याच्या अकलेतून हे निघालं त्याचं नाव लिहा. मी सही करते. सोडणार नाही मेल्याला.

हवालदार शांत माणूस. त्याने पेन काढलं आणि वैनीकडे वळला. "आजी, हा नंबर तुम्हाला दिला कोणी?"

मालनवैनीने पदर सारखा केला, माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, "लिहा. शेवंती शिवराम नाचणकर."