चालत्या गाडीची बेल

"कुठं उतरणार?"

वर्गात नवी मुलगी आली की मावशींचा पहिला प्रश्न हा. नाव, गाव, इयत्ता सगळं नंतर. मुलगी गोंधळायची. घाटकोपरची आमची उभी टेकडी धापा टाकत चढून आलेली ती, उतरायचं कुठं हे तिला आजवर कुणी विचारलेलंच नसायचं. मग मावशी सांगायच्या, "अगो, तुझा पुढचा स्टॉप कुठला? बारावी? नोकरी? ठरलेला नसला ना, तर कोणीही येतो आणि मध्येच उतरवतो."

मावशी एसटीत कंडक्टर होत्या. निवृत्त झाल्यावर दर शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत वस्तीतल्या चौदा ते अठरा वर्षांच्या मुलींचा वर्ग घ्यायच्या. नोकरी संपली तरी अंगातली एसटी गेली नव्हती. शिकवताना पाय फाकवून, पाठ कपाटाला टेकवून उभ्या राहायच्या. खोली जागची हलत नसायची, पण ही बाई आता ब्रेक लागणार म्हणून सावध आहे असं वाटायचं. अशी सवय अंगात मुरलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मी खालच्या शाळेत मराठी शिकवते. वर्गातला पहिला तास माझा होता: नोकरीचा अर्ज, मुलाखत, गिऱ्हाइकाशी बोलणं. दुसरा तास मावशींचा: पाळी कशी येते, दिवस कसे जातात, ते जाऊ नयेत म्हणून काय करायचं आणि मनात नसेल तर नको कसं म्हणायचं. त्यांच्याच गल्लीतल्या दोघींची शाळा पोट दिसायला लागल्यावर सुटली होती. हा सगळा खटाटोप तेव्हापासूनचा.

नको म्हणायची तालीम बघण्यासारखी असायची. मावशी एकीला समोर उभं करून म्हणायच्या, "मी मुलगा. चल माझ्याबरोबर, कुणाला कळणार नाही. बोल आता." मुलगी ओढणीत पुटपुटायची, "नको."

"आवाज खंय गेलो तुझो? भरलेल्या गाडीत मी बोलायचे तसं बोल. जागा नाही! मागची गाडी बघा!"

मग वीस मुली एका सुरात "जागा नाही!" असं ओरडायच्या आणि शेजारचा गिरणीवाला पिठानं माखलेला बाहेर येऊन बघायचा. मला सुरुवातीला लाज वाटायची. कुठल्या गोष्टीची लाज धरावी याचं माझं गणित तेव्हापासूनच चुकलेलं होतं.

तोंडानं विचारायला मुली धजायच्या नाहीत, म्हणून पेटी होती. कंडक्टरकडे तिकिटांची असायची तसली, पत्र्याची. मुली त्यात बिननावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या. मावशी चिठ्ठ्या घरी नेऊन प्रत्येक प्रश्न स्वतःच्या हातानं नव्या कागदावर उतरवायच्या, मूळ चिठ्ठी फाडून टाकायच्या आणि पुढच्या शनिवारी आपल्या कागदावरून वाचून उत्तर द्यायच्या. मी एकदा म्हटलं, "एवढा कुटाणा कशाला?"

"अक्षर ओळखतात, बाई. एकीनं ओळखलं की पेटी मेली."

त्या श्रावणात मावशी मोरीत घसरल्या आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. पेटी माझ्याकडे आली. देताना म्हणाल्या, "नुसतं उतरवा. आणि ओळखलंत तरी नाही ओळखलंत." मी हसून हो म्हटलं. वीस वर्षं मुलांच्या वह्या तपासणाऱ्या बाईला त्या हे सांगत होत्या.

तिसरीच चिठ्ठी. "तो म्हणतो, एकदाच केल्यानं काही होत नाही. हे खरं आहे का? मला नको आहे, पण तो रागावतो. त्याला कसं सांगू?"

पूर्ण ओळ लिहून झाल्यावर वर एकच सरळ रेघ ओढलेली. ही सवय माझ्या एकाच विद्यार्थिनीला होती आणि त्याबद्दल मीच तिचं भर वर्गात कौतुक केलं होतं. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. मी एकदा ते उघड केलं, तेवढं पुरे झालं. तेव्हा ती अकरावीत होती. मावशींनी खटपट करून तिला स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर घ्यायला लावलं होतं. कॉलेज सांभाळून दुपारी चार तास, सोमवारपासून. दुकानाच्या कागदावर तसं पत्रही मावशींकडे आलं होतं.

मी रविवारी सकाळी तिच्या घरी गेले. ती शिकवणीला गेली होती. तिची आई चार घरचा स्वयंपाक करते, तिची सुट्टी तेवढीच. चहा झाला आणि मी म्हटलं, "मुलीकडे जरा लक्ष ठेवा." एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. आईनं "का हो बाई?" म्हणून विचारलं आणि मी चिठ्ठीतलं सगळं सांगितलं. मुलीच्या भल्यासाठी सांगितलं असं मी पुष्कळ दिवस घोकत होते. खरं ते असं की मला तेव्हा मोठं झाल्यासारखं वाटत होतं. सगळ्या वस्तीत ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती आणि ती माझ्या पोटात राहत नव्हती.

सोमवारी ती दुकानात गेली नाही. मोबाइल काढून घेतला होता. आठवड्याच्या आत तिला मामाकडे गावी पोचवलं. चिठ्ठीवरून हे झालं, ते वर्गातल्या मुलींना कळलंच.

पुढच्या शनिवारी मावशींनी डाव्या हातानं पेटी हलवून बघितली. आवाज आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. मुली गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही?"

"मला वाटलं, तिच्या आईला कळलेलं बरं..."

"ती विचारत होती, बाई. केलं नव्हतं तिनं काही. वेळेवर विचारत होती." मावशी कधी नव्हे त्या खाली बसल्या. "चांगली चालली होती गाडी. तुम्ही बेल मारलीत."

  प्लॅस्टर निघालं त्या आठवड्यात मावशी दुकानाचं पत्र पिशवीत घालून एसटीनं तिच्या मामाच्या गावी गेल्या. मामानं त्यांना अंगणाच्या पुढं येऊ दिलं नाही. मुलगी आत असल्याचं बांगड्यांच्या आवाजावरून कळलं, एवढं त्यांनी परत आल्यावर सांगितलं. दिवाळीनंतर तिथंच गुपचूप तिचं लग्न लावून दिलं. आम्हाला ते उशिरा कळलं. मावशी तक्रार करायला पोलीस चौकीत गेल्या, तेव्हा मुलीच्या आईनं तिथं शपथेवर सांगितलं की मुलगी गावी शिकतेय.

पुढं मावशींच्या गुडघ्यांना टेकडी झेपेना. त्या कोकणात भावाकडे राहायला गेल्या. वर्ग त्यांनी आपल्याच एका जुन्या मुलीच्या हाती दिला, पेटीही तिलाच दिली. निघताना माझ्या हातात चष्म्याच्या दुकानाचं ते पत्र ठेवलं. "ती कधी आली तर द्या. काही विचारू नका, नुसतं द्या." मग सवयीनं म्हणाल्या, "तुम्ही कुठं उतरणार, बाई?" मी पत्राची घडी नीट केली. त्या पिशवी उचलून टेकडी उतरायला लागल्या.

पत्र माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे.

गेल्या महिन्यात दार वाजलं. त्या मुलीची आई होती, हातात पेढ्यांचा पुडा. "बाई, नात झाली. पोरगी अशक्त झालीय, पण सुटली एकदाची." मी मनात हिशेब केला. मुलीला अठरा पूर्ण व्हायला अजून दोन महिने होते.

आई माझा हात धरून म्हणाली, "तुमचे उपकार आहेत हो. तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून अब्रू राहिली आमची." आणि तिनं पेढा माझ्यापुढं धरला.

आमच्या वर्गातल्या सगळ्यात लाजाळू मुलीनंही तो पेढा बघून गिरणीवाला बाहेर येईल एवढ्या मोठ्यानं नको म्हटलं असतं. माझ्याच्यानं झालं नाही. मी हात पुढं केला, पेढा तोंडात टाकला आणि म्हटलं, "गोड आहे."