पंचविसातलं एक

आर्डिस टॉलफसनबाईंनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी रेल्वेचं फाटक आलं की त्या आपल्या छोट्या गाडीतही थांबायच्या, दार उघडायच्या आणि कान द्यायच्या. कुणाकडून निघताना तीनदा निरोप घ्यायच्या, त्यातला एक गाडीच्या काचेतून. ताटलीतला केकचा शेवटचा तुकडा कधी उचलायच्या नाहीत, अर्धा करून ठेवायच्या. नखं कधी रंगवली नाहीत, पण पर्समध्ये लाल नखरंगाची बाटली असायची. आणि दर शुक्रवारी बँकेतून डॉलरच्या पंचवीस नाण्यांची सुरळी आणून प्रत्येक नाण्यावर लाल ठिपका द्यायच्या.

मग ती नाणी गावात खर्च करायच्या. पिवळी, पाठीवर बाळ बांधलेल्या बाईच्या चित्राची. त्यांना एकच हवं होतं. ठिपक्याचं एक तरी नाणं कधीतरी सुट्ट्या पैशांत आपल्याकडे परत यावं. सहा वर्षांत एकही आलं नव्हतं.

गावानं नाही कधी म्हटलं नाही. मिनेसोटात तोंडावर कोण नाही म्हणतं? पेट्रोलपंपावरच्या पोरीनं ते पाव डॉलर समजून आणखी तीन मागितले. औषधवाल्यानं विचारलं, "जुगाराच्या अड्ड्यावरचं का हो?" नळवाला रोली स्टेंगर नाणं उलटसुलट करून म्हणाला, "वेगळंच आहे हं." त्या गावात याचा अर्थ एकच होतो: नको.

किराणा दुकानासमोरच्या खानावळीतली बेव्ह मात्र खूश व्हायची. "नातवाचा दात पडलाय. दाताच्या बदल्यात परीनं दिलं म्हणून उशीखाली ठेवायला झालं."

"त्या पोराला आतापर्यंत चाळीस दात झाले असतील," आर्डिसबाई बाहेर आल्यावर म्हणायच्या.

हे त्या नील्सला सांगायच्या. नील्स लहानपणी त्यांच्याच बसमधून शाळेत गेला, पुढे साहित्याची पदवी घेऊन आला आणि किराणा दुकानाच्या गल्ल्यावर उभा राहिला.

"चार वर्षं कविता वाचल्यास," त्या म्हणायच्या. "आता अंडी तरी नीट भर."

एका शुक्रवारी त्या आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं. बँकेतल्या मुलीनं सांगितलं होतं, तुमच्याशिवाय ही नाणी कुणी नेत नाही, यापुढे मागवणार नाही. हातातली सुरळी शेवटची.

"पंचवीस राहिली," त्या म्हणाल्या. "त्यातलं एक आलं तर आलं."

नील्सनं हातातला अंड्यांचा खोका खाली ठेवला.

"आर्डिसबाई, तुमची एकसष्ट नाणी माझ्या घरी आहेत. मोज्यात."

"काय?"

"गल्ल्यात त्यांना खणच नाही. मी खिशातली नोट टाकायचो आणि नाणं घरी न्यायचो. मला ती आवडतात."

बाईंनी अंड्यांचा खोका आपल्याकडे ओढला.

"मला वाटायचं गावाला नकोत म्हणून येत नाहीत."

"आणतो की सगळी. आत्ता देतो."

"तू दिलीस तर काय उपयोग? माझंच मला. मध्ये परक्याचा हात लागला पाहिजे."

दुसऱ्या आठवड्यात रोली दूध घ्यायला आला. नील्सनं सुट्ट्या पैशांत ठिपक्याचं नाणं दिलं.

"खरा डॉलर नाही का रे?"

"संपले," नील्स म्हणाला. खणात नोटांची चळत होती.

रोली नाणं चिमटीत धरून, मेलेला उंदीर न्यावा तसा, तडक खानावळीत गेला आणि कॉफीला देऊन मोकळा झाला. नील्सनं काचेतून पाहिलं. तासाभरानं आर्डिसबाईंची गाडी तिथे थांबली, तसा तो जेवणाची सुट्टी घेऊन धावला.

बाईंची पंचवीसही नाणी संपली होती. त्यांनी सहा वर्षांत पहिल्यांदा पाचाची नोट काढली. बेव्हनं ती उजेडाकडे धरून पाहिली.

"तुमच्याकडे नोट? बरं नाही का?" तिनं गल्ला चाचपला. "एकच्या संपल्यात बाई. हे चालेल ना? नातवाचे दात झाले सगळे."

टेबलावर पिवळं नाणं पडलं. लाल ठिपका वर.

ताटलीत अर्धा करून ठेवलेला केकचा शेवटचा तुकडा आर्डिसबाईंनी उचलला आणि अख्खा खाल्ला. नील्स पाहतच राहिला.

"आता खर्च करा," तो म्हणाला. "फिरायलाच हवं ना ते."

"करणार तर. सोमवारी."

सोमवारी त्यांनी कागदी नोट दिली. पुढच्या सोमवारीही. पाचव्या सोमवारी त्यांनी नाणं खरंच काढलं, नील्ससमोर ठेवलं आणि त्यावर बोट धरलं. नील्सनं खण उघडला. बोट हललं नाही. मागे रांगेत रोली उभा होता.

"वेगळंच आहे हं," तो म्हणाला.

"पुढच्या सोमवारी," आर्डिसबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या हातानं पर्समधली नोट शोधू लागल्या.