माझ्या नावावरची नऊवारी

मी हो म्हणाले, तिथेच सगळं चुकलं.

चंदीगडजवळ मुल्लानपूरच्या एका संस्थेत मी नाटक, सिनेमा आणि मालिकांसाठी कपडे ठरवण्याचा आणि शिवण्याचा वर्षभराचा कोर्स करत होते. वर्गात मराठी मी एकटीच. वर्षअखेरच्या हिंदी नाटकात एक मराठी मोलकरीण होती आणि सरांनी वहीतून मान वर न करता तिचे कपडे माझ्यावर सोपवले. "नौवारी तो तुम्हारे घर की चीज़ है. आती होगी?"

"जी सर, पक्का," मी म्हणाले.

मला सहावारीसुद्धा सात पिना लावल्याशिवाय नेसता येत नव्हती. बाबांच्या बदल्यांमुळे मी भोपाळ, जोधपूर, चंदीगड अशी वाढले. माझं मराठीपण म्हणजे रविवारचे पोहे आणि गणपतीचे पाच दिवस. पण वर्गासमोर ते कबूल करायचं? माझ्या स्वभावात ते नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यात बाबांची गुवाहाटीला बदली झाली. त्यांनी अट सरळ घातली. "पास झालीस तर इथं पीजीत राहा, काम शोध. नाही झालीस तर मुकाट्यानं आमच्याबरोबर चल आणि बी.एड. कर." नाटकातला कपडा हीच आमची परीक्षा होती. एयरोसिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये सामान भरायला रिकामे खोके येऊन पडायला लागले. त्यातल्या एखाद्यात मलाही भरणार, असं मला रोज वाटायचं.

सेक्टर त्रेचाळीसला बस बदलताना मी मोबाइलवर नऊवारीचे व्हिडिओ बघायचे. ओढला काष्टा की सुटायचा. शेवटी मी शहाणपणा केला आणि नऊवारी सरळ शिवून टाकली. विजारीसारखी चढवायची, मागे हुक लावायचे. सरांना सांगितलं, दोन प्रवेशांमध्ये कपडे बदलायला वेळ नाही म्हणून. सरांना पटलं. आधी मांजरपाटात शिवून बघायचं, नटीला त्यात चालवायचं, बसवायचं, हा आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेला नियम. मी तो गाळला, कारण ट्रायलला बाकीचे जमले असते आणि माझं पितळ उघडं पडलं असतं. मापं घेतली तीही उभ्यानं.

रंगीत तालमीत मोलकरीण झालेली नटी जमीन पुसायला उकिडवी बसली आणि तशीच राहिली. लुधियानाची उंच, धडधाकट मुलगी, पण तिला ना धड बसता येईना ना उठता येईना. "मैं तो फँस गई यार," ती म्हणाली आणि सगळे हसले. हुक शिवणीत घुसून बसले होते. मी विंगेत कात्रीनं कापून तिला बाहेर काढलं. साडीचे दोन तुकडे झाले. प्रयोग दुसऱ्या दिवशी होता. सर एवढंच म्हणाले, "कल तक कर लो, वरना मैं ज़ीरो लिखूँगा."

घरी येऊन मी खोक्यांवर बसून रडले. आई भांडी कागदात गुंडाळत होती. ही माझी आई, वर्षानुवर्षं सलवार-कमीजमध्ये वावरणारी. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती उठली, पेटीच्या तळातून गोधडीसाठी ठेवलेली एक विटकी नऊवारी काढली आणि म्हणाली, "मला येते नेसवायला."

"तुला? मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

मग तिनं सांगितलं. लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं ती सासरी होती. आजीचं सोवळं कडक; नऊवारी नेसल्याशिवाय सुनेनं चुलीपाशी जायचं नाही. चुकीची नेसली तर आजी सगळ्यांसमोर सोडायला लावायची. "तुझ्या बाबांची पहिली बदली झाली ना," आई म्हणाली, "तेव्हा गाडीत बसल्यावर मी ठरवलं, पुन्हा हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं हात लावला. मेकअपच्या खोलीत नटीभोवती फिरत, तोंडात पदर धरून, तिनं पाच मिनिटांत नऊवारी नेसवली. मग म्हणाली, "अब बैठो." नटी बसली. उठली. पाय आपटून नाचलीसुद्धा.

तेवढ्यात सर आले. त्यांनी काष्टा निरखला. "किसने पहनाई?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "इसने. मैं तो पिन पकड़ रही थी."

मी ते तसंच राहू दिलं. मला पास व्हायचं होतं. मी पास झाले.

निकाल लागला त्या संध्याकाळी बाबा प्रयोगाचे फोटो मोठे करकरून बघत होते. मला वाटलं नव्हतं इतके ते खूश झाले. "काय बेमालूम नेसवलीस गं! अगदी आमच्या आईसारखी. आईचा गुण उतरलाय बघ पोरीत." मग आईकडे वळून म्हणाले, "आई असती तर किती खूश झाली असती, नाही?"

आई मटार सोलत होती. मी म्हणाले, "बाबा, खरं तर—"

आईनं माझ्याकडे बघितलं. एकदाच.

"हो ना," ती बाबांना म्हणाली. "खूप खूश झाल्या असत्या."

पुढच्या महिन्यात ती दोघं गुवाहाटीला गेली, आणि मी इथं राहिले.