चाललं न्हवं? मग पूस

आमचे सर चालणारा प्रोग्रॅम पुसायला लावायचे. बिघडलेला नव्हे, चालणारा. दिवसभर डोकं फोडून एकदाचं स्क्रीनवर बरोबर उत्तर आलं, की ते मागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "चाललं न्हवं? मग पूस." दुसऱ्या दिवशी तेच कोऱ्या स्क्रीनवर पुन्हा लिहायचं. पेनड्राइव्हवर कॉपी ठेवायला बंदी. "मशिनीत हाय ते मशिनीचं. डोस्क्यात हाय तेवढंच तुझं," हे त्यांचं शास्त्र.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत पिठाच्या गिरणीच्या वर त्यांचा क्लास होता. ज्युनियर डेव्हलपरच्या परीक्षेसाठी आम्ही पोरंपोरी हातकणंगले, शिरोळकडून एसटीनं यायचो. गिरणी सुरू झाली की टेबलं थरथरायची आणि कीबोर्डवर पीठ बसायचं. कुणी चुकलं की सर खाली बोट दाखवायचे. "तुझ्यापरीस ती बरी. गहू टाकला की पीठ तरी देती." एकानं फोनवरच्या एआयकडून प्रोग्रॅम लिहून आणला, तेव्हा त्याचा फोन पुढच्या खुर्चीवर ठेवला आणि त्याला जिन्यात उभं केलं. "ज्याला येतंय त्यो बसंल. नोकरी बी त्यालाच लागू दे."

माझा डेअरीतल्या दुधाच्या फॅटचा प्रोग्रॅम त्यांनी असाच पुसायला लावला. मी मोरीत जाऊन रडलो आणि मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी तो निम्म्या वेळात लिहून झाला. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "चा पिऊन ये जा." याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती, आणि त्या चहासाठी आम्ही जीव टाकायचो.

पहिल्या रांगेत त्यांची मुलगी पद्मा बसायची. आमच्यात सर्वांत हुशार तीच. क्लासमध्ये आप्पा म्हणायचं नाही, असा सरांचा हुकूम होता. म्हणता म्हणता ती घरातही त्यांना सरच म्हणायला लागली. पुण्याच्या एका कंपनीनं तिला निवडून ठेवलं होतं, फक्त ही परीक्षा पास व्हायची अट होती. "एकदा हितनं सुटले की झालं," ती मला म्हणायची.

परीक्षेत स्वतः बनवलेला प्रोग्रॅम परीक्षकासमोर चालवून दाखवायचा होता. पद्माचा प्रोग्रॅम गावाचं नाव टाकलं की पुढची एसटी सांगायचा. परीक्षा दुपारी होती. सकाळी क्लासमध्ये तिनं तो शेवटचा चालवून पाहिला, आणि सर तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"चाललं न्हवं?"

"व्हय, सर."

"मग पूस."

"सर, आज परीक्षा हाय."

"म्हणून तर. मास्तरच्या पोरीला सूट मिळाली, असं कुणी म्हणाय नको."

आम्ही सगळे खाली मान घालून बसलो. पद्मानं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पुसून टाकलं. मग ती लिहायला बसली. इतक्या भराभर टाइप करताना मी कुणाला पाहिलेलं नाही. दुपारपर्यंत जवळजवळ सगळं झालंही होतं. पण परीक्षकांनी गावाचं नाव टाकलं आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत एरर आली.

केंद्राबाहेर सर उभे होते. तिनं झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे डोस्क्यात नव्हतं."

बापानं पोटच्या पोरीशी असं बोलावं? मला त्या क्षणी त्यांची किळस आली. निकाल लागला, पुण्याची नोकरी गेली, आणि पद्मा बेळगावला मावशीकडे निघून गेली. आज तिथल्या एका दवाखान्यात केसपेपर काढते. परीक्षेला ती पुन्हा बसली नाही.

त्यानंतर सरांनी कुणाला पूस म्हटलं नाही. प्रोग्रॅम चालला की ते मागे यायचे, थोडा वेळ उभे राहायचे आणि निघून जायचे. मी पास झालो, पुण्यात नोकरीला लागलो. ती नोकरी त्यांच्यामुळेच लागली. त्यांच्यावर माझा जीव आहे, आणि त्यांचा रागही तेवढाच येतो.

परवा कोल्हापूरला गेलो. क्लास बंद झालाय, सर त्याच खोलीत अंथरुणावर आहेत. मला म्हणाले, "पद्मीला फोन लाव. आप्पानं इचारलंय म्हणून सांग. सर म्हणू नको."

मी जिन्यात येऊन फोन लावला. सगळं सांगितलं. खाली गिरणी चालू होती, तरी तिचा शब्द न् शब्द ऐकू आला.

"त्यांचा नंबर मी कवाच पुसलाय. पण सरांनी शिकवलंय न्हवं, पुसलेलं डोक्यात ठेवायला. पाठ हाय मला. लावणार न्हाय." आणि तिनं फोन ठेवला.

मी आत आलो. सरांनी विचारलं, "माझा नंबर हाय न्हवं तिच्याकडं?"

"पाठ आहे म्हणाली."

त्या परीक्षेनंतर पहिल्यांदाच सरांचा चेहरा खुलला. "बघ, माझ्या हाताखालची हाय ती. पाठ हाय म्हणल्यावर लावंल की." त्यांनी आपला फोन उशाशी घेतला, आवाज मोठा आहे ना ते माझ्याकडून तपासून घेतलं आणि मला म्हणाले, "चा पिऊन ये जा."