भरून ठेवलेली शांतता

आवाज करणारी माणसं जगात हवी तेवढी मिळतात, आणि नागपुरात तर गरजेपेक्षा थोडी जास्तच मिळतात. पण लोणचं भरावं तशी शांतता भरून, वर गावाचं नाव लिहून ती फळीवर मांडून ठेवणारा माणूस उभ्या आयुष्यात मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सासरी निघाला. हे माझे चुलत सासरे. आम्ही त्यांना काकाजी म्हणत असू. सगळी नोकरी तारखात्यात कट्ट-कडकट्ट ऐकण्यात गेल्यामुळे त्यांच्या कानांना अशी धार आली होती की फाटकाशी चप्पल वाजली की ते आतूनच सांगत, "जावईबापू आले. उजव्या चपलेचा अंगठा तुटून राहिला त्याइचा." मी हसत पायऱ्या चढू लागे आणि तिसऱ्या पायरीवर अंगठा तुटे.

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. काकाजींनी स्पूलचा एक भलामोठा टेपरेकॉर्डर आणला आणि हौशी नाटकवाल्यांना आवाज पुरवायला सुरुवात केली. घर होतं अजनीला, रेल्वेच्या रुळांना लागून. ज्या घरात मालगाडी गेली की कपबशा फळीवरून चालू लागत, तिथे बसून हा माणूस जंगलातली पहाट तयार करी. गाड्यांचं वेळापत्रक स्टेशनमास्तरपेक्षा त्यांना पक्कं पाठ होतं. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत ते बोट वर करून "शू" म्हणत, की घरातली हालचाल थांबे. माझ्या चुलत सासूबाई, म्हणजे काकू, बांगड्या कोपरापर्यंत चढवून जागच्या जागी उभ्या राहत. हातात फोडणीची पळी असली तर पळीसकट. जिऱ्यापेक्षा आपला नवराच आधी तडतडतो, हे त्यांना लग्नानंतर लवकरच समजलं असावं.

माझी त्या घरातली किंमत ओळखायला मला जरा वेळ लागला. जावई म्हणून पाटावर बसवतील, या आशेने मी गेलो, आणि पहिल्याच दिवशी माझ्या दोन्ही हातांत नारळाच्या करवंट्या देऊन काकाजींनी मला घोडा केलं. पुढे मी घोड्याचा बैल झालो, जुना पत्रा हलवून वीज झालो, बिडीच्या बंडलाचा कागद चुरगाळून आगही झालो. पाऊस मात्र ते स्वतः पाडत. सुपात तुरी घेऊन अशा काही घोळत की ऐकणाऱ्याने छत्री शोधावी. या पावसाच्या तुरी वेगळ्या डब्यात असत. एकदा प्रयोगाच्या दिवशी काकूंनी त्या भरडून शिजवल्या, आणि दुसऱ्या अंकातला पाऊस आम्ही पहिल्या अंकाआधीच वरण म्हणून जेवलो. त्या प्रयोगात नायिका कोरड्या आभाळाखाली भिजली.

पण हे सगळे चिल्लर आवाज. काकाजींचा खरा जीव होता शांततेवर. ज्या जागेचा आवाज भरायला जात, तिथली शांतताही ते सगळ्यांना पुतळा करून वेगळ्या फितीवर भरत. त्यांचं म्हणणं असं की रिकामी शांतता जगात नसतेच. देवळाची वेगळी, शाळेची वेगळी, शेताची वेगळी. ती खाली अंथरली नाही तर वरचे आवाज अधांतरी लोंबकळतात. मला समजत नाही असं दिसल्यावर त्यांनी ते स्वयंपाकघरात आणून समजावलं. "हे पहा जावईबापू. बोलणं म्हणजे भाजी, आवाज म्हणजे ठेचा, अन् शांतता म्हणजे भाकर. नुसता ठेचा कोण खाईन?" मी मान डोलावली. समजलं फक्त ठेच्याबद्दल.

शांतता भरताना त्यांचा माझ्यावर एकच आरोप असे. यंत्र चालू होई, फीत फिरू लागे, मी भिंतीला चिकटून उभा असे, आणि डोळे मिटलेले काकाजी एकदम कपाळाला आठी घालून म्हणत, "जावईबापू, तुम्ही श्वास घेऊन राहिले." मी काकुळतीला येऊन म्हणे, सवय आहे काकाजी, लहानपणापासूनची. मग मी श्वास रोखे. तोंड भिवापूरच्या मिरचीसारखं लाल होई, तरी त्यांचं समाधान नसे. हेडफोन कानांवर दाबत ते पुटपुटत, "अजून येऊनच राहिला."

भिवापूरचं नाव निघालंच आहे, तर माझं पाप सांगून टाकतो. नागपुरात अजून टीव्ही आलेला नव्हता. भिवापूरच्या शेतकऱ्यांच्या एका संस्थेने मिरचीच्या लागवडीवर रंगीत स्लाइड काढल्या होत्या. पडद्यावर चित्रं दिसावीत आणि टेपवरून माहिती ऐकू यावी, असा कार्यक्रम गावोगाव करायचा होता. संस्थेच्या चिटणीसांना मागे नुसती सनई हवी होती. काकाजी म्हणाले, मिरचीचं काय लग्न आहे? खरे आवाज घाला. आवाज बरोबर असला तर नुसता ऐकून माणसाला ठसका लागला पाहिजे. शेवटी ठरलं की पहिला कार्यक्रम काकाजींच्या पद्धतीने होईल. लोक मन लावून बसले तर पुढच्या सगळ्या तालुक्यांचं काम त्यांचं, नाहीतर सनई. शिवाय शेवटच्या स्लाइडवर लिहिलेलं असणार होतं 'ध्वनी', आणि पुढे काकाजींचं नाव. नाटकाच्या हस्तपत्रिकेत ज्याचं नाव चहावाल्याच्याही खाली येई, त्याला पडद्यावर हातभर अक्षरांत दिसायचं होतं. चिटणीस गेल्यावर काकाजींनी स्वतःचं नाव एकदा मोठ्याने म्हणून ते कसं ऐकू येतं ते तपासलं.

आम्ही भिवापूरला जाऊन आवाज भरून आणले. मिरच्यांची देठं खुडणाऱ्या बाया, पोत्यात पडणारी मिरची, आणि वाळलेली मिरची कानाशी हलवल्यावर आत खुळखुळणारं बी. दर वेळी मध्ये माझी शिंक. शेवटी शांतता भरायची म्हणून काकाजींनी सगळ्यांना गप्प केलं, तेव्हा एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, "काय वं, काय भरून राहिला हा बाबा?" शेजारीण म्हणाली, शांतता भरतो म्हणे. म्हातारी म्हणाली, "मंग माह्या घरची न्या म्हणा. बुढा गावाले गेला का घरभर पडली रायते."

पुढच्याच आठवड्यात काकाजी आणि काकू उमरेडला लग्नाला गेले आणि घर माझ्यावर सोपवलं. माझ्या कचेरीचं स्नेहसंमेलन तोंडावर आलं होतं. तिथे मी एक नाट्यपद गाणार होतो, आणि आपला आवाज आपल्यालाच ऐकायला मिळावा अशी मला फार दिवसांची हौस होती. यंत्र समोर होतं. कोरी फीत सापडेना. 'भिवापूर, शांतता' असं लिहिलेला डबा मात्र सापडला. आतली फीत लावून पाहिली, काही ऐकू आलं नाही. मी विचार केला, यावर गाऊ, ऐकू आणि पुसून टाकू. गाणं पुसल्यावर खाली उरणार काय? शांतताच. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत तर्कशुद्ध विचार असावा. गायलो. ऐकलं. इतकं आवडलं की बायकोला ऐकवून मगच पुसावं असं ठरवलं, आणि विसरलो.

कार्यक्रम भिवापूरच्या शाळेत, भर दुपारी, खिडक्यांना घोंगड्या बांधून. दोन टेपरेकॉर्डर होते. एकावर माहिती आणि आवाज, तो काकाजींकडे. दुसऱ्यावर खाली अंथरायची शांतता, तो माझ्याकडे. काकाजींनी तो डबा माझ्या हातात दिला तेव्हा मला आठवलं की गाणं पुसायचं राहूनच गेलंय. सांगायला तोंड उघडलं, तोच अंधार झाला. मी फीत लावली, चालू केली आणि आवाजाचं बटण शून्यावर ठेवलं. मनात म्हटलं, शांतता वाजते की नाही, हे कुणाच्या बापाला कळणार आहे?

कळलं. तिसऱ्या स्लाइडला काकाजी अस्वस्थ झाले. चौथ्या स्लाइडला आपलं यंत्र सोडून ते अंधारात चाचपडत माझ्यापाशी आले आणि कानात म्हणाले, "शांतता काहून बंद पडली?" मी म्हणालो, चालू आहे काकाजी. ते म्हणाले, "नाही. हे शाळेची आहे." आणि माझा हात बाजूला करून त्यांनी बटण पूर्ण फिरवलं. पडद्यावर मिरचीचं कोवळं रोप होतं. त्या रोपाच्या पोटातून माझी तान निघाली.

लोक इतके हसले की खिडकीवरची एक घोंगडी सुटून खाली आली. मी बटण शोधत होतो आणि सापडेल ते फिरवत होतो, त्यामुळे गाणं आणखी ठणठणीत झालं. शेवटी काकाजींनी भिंतीतली वायरच उपटली, तेव्हा मी थांबलो. उरलेल्या स्लाइड कशाबशा उरकल्या, आणि काकाजींच्या नावाची स्लाइड उजेडातच लागली. पांढऱ्या पडद्यावर काही दिसलं नाही. चिटणीसांनी येऊन विचारलं, हे कुणी केलं? मी पुढे झालो. काकाजींनी मला हाताने मागे सारलं आणि म्हणाले, "मशीन बिघडली." ज्या माणसाने जन्मात कधी यंत्राला दोष दिला नाही, हलगर्जी माणसालाच दिला, तो हे बोलला. चिटणीस म्हणाले, गाणं बाकी लोकांना आवडलं. पुढच्या आठवड्यात पारशिवनीला एक संधी देतो, तिथे ते जरा आधी घ्या.

परतताना एस.टी.त उमरेड गेल्यावर काकाजी म्हणाले, "तुमचा पंचम लागत नाही." नागपूर येईपर्यंत मी यापलीकडे काही ऐकलं नाही, आणि याहून मोठी शिक्षाही मला आजवर झालेली नाही.

शांतता पुन्हा भरली. त्या वेळी मला मिरच्यांपासून हाकेच्या अंतराबाहेर, एका कडुलिंबाखाली उभं केलं होतं. तरीही काकाजी तिथून माझ्याकडे संशयाने पाहत होते. पारशिवनीला सगळं सुरळीत झालं. इतकं सुरळीत की कुणाला काही विशेष वाटलंच नाही. हसू नाही, टाळी नाही, सनई येणार असं दिसू लागलं. मग पडद्यावर वाळल्या मिरच्यांचा ढीग आला, बी खुळखुळलं, मागे लांबवर बायांचं बोलणं, आणि खाली ती अंथरलेली दुपार. पहिल्या रांगेतल्या एका बाईने नाकाला पदर लावला. तिच्या शेजारणीने लावला. मागे कुणीतरी खोकलं, आणि मग शाळाभर ठसका पसरला. खोलीत मिरचीचं देठसुद्धा नव्हतं. चिटणीस स्वतः डोळे पुसत बाहेर आले आणि बाकीचे तालुके देऊन गेले. आवाजाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी हळहळलो, तर काकाजी म्हणाले, "कोणाले समजलं नाही ना? मंग जमलं." शेवटच्या स्लाइडवरचं त्यांचं नाव मात्र मी मोठ्याने वाचलं. ते नीट ऐकू आलं.

काकाजी गेले त्याला आता काही वर्षं झाली. परवा अजनीला गेलो तेव्हा काकूंनी फितींचे डबे माझ्यापुढे ठेवले. म्हणाल्या, तुमच्याशिवाय कोण सांभाळणार? एका डब्यावर काकाजींच्या सुबक अक्षरात होतं, 'अजनी, बसायची खोली. शांतता. जावईबापू हजर.' यंत्रावर लावली. दूर जाणारी मालगाडी विरत गेली. मग खोलीची ती ओळखीची, जरा जाडसर शांतता. आणि तिच्यात, अगदी माइकजवळ, कुणाचा तरी श्वास. संथ, नाकात किंचित शीळ वाजणारा. मी आपला श्वास रोखून पाहिला. भिंतीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचा तो नव्हता. हेडफोन लावून माइकला खेटून बसलेल्या माणसाचा होता.

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या होत्या. बांगड्या कोपरापर्यंत चढवलेल्या. "मले ठाऊक होतं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मीनं सांगतलं नाही त्याइले कधी. म्हटलं, येवढा एक आवाज तरी चालू द्या घरात."

फीत संपेपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही.