भानुमतीचा कान

मालोजी इंजिनाचा दोष कानाने धरत. संस्थानच्या मोटारखान्यापासूनची त्यांची ही ख्याती. संस्थान विलीन झाले, मोटारखाना गेला आणि ते छत्रीबागेजवळ जयसिंगरावांच्या गॅरेजात लागले. रबरी नळीचे एक टोक कानाला लावायचे, दुसरे इंजिनावरून फिरवायचे. जिथे चिरलेल्या पाइपातून इंजिन चोरून हवा ओढत असेल, तिथे बारीक ‘सूं’ येई. गेल्या दिवाळीपासून मात्र त्यांना काहीच ऐकू येत नव्हते.

हे फक्त बायकोला ठाऊक होते. भानुमती दुपारी डबा घेऊन येई, दुरुस्तीच्या ट्रकजवळ रेंगाळे, उघड्या कानाने ती ‘सूं’ टिपे आणि नळी नेमक्या जागी आली की पदर सावरी. तेवढ्यावर नोकरी टिकून होती.

त्या दुपारी लष्करी लिलावातला जुना ट्रक उभ्याउभ्या आचके देत होता. मालोजींनी नळी कानाला लावली. मागे एका फिटरने दातांतून ‘स्स्स’ केले. मग सगळ्यांनीच, अगदी त्यांच्या मानेशी येऊन.

“अरे भिया, नाग निकला नाग!”

मालोजी गंभीरपणे नळी फिरवत राहिले. वळून पाहतात तो सगळे हसताहेत. काही गंमत झाली असेल म्हणून तेही हसले. हशा आणखी वाढला. भानुमतीची मान खाली होती, पदर हलला नाही. त्यांनी अंदाजाने जाड पाइपावर बोट ठेवले.

जयसिंगरावांनी त्यांच्या कानाची नळी ओढून भानुमतीपुढे धरली. “वहिनीजी, आता तुम्हीच सांगा. बरोबर निघालं तर यांना ठेवतो. कसम से.”

तिने नळी घेतली नाही. नवऱ्याकडे एकदा पाहिले आणि इंजिनाच्या ओढीवर चालणाऱ्या वायपरच्या बारीक पाइपाकडे बोट केले. फिटरने तिथे ओले फडके गुंडाळले. मडगार्डवरच्या मालोजींच्या तळव्याखाली थरथर निवली. ते खूश झाले. कपाटातून नवा पाइप काढून मापाने कापायला बसले.

“बघा! कान यांचे नव्हतेच,” जयसिंगराव म्हणाले. “घेऊन जा यांना.”

“पण तुम्ही शपथ...”

“मजाक होता, वहिनीजी.”

मालोजी पाइप कापत होते. भानुमती त्यांच्यासमोर उकिडवी बसली, हनुवटी धरून त्यांचा चेहरा वर केला आणि सगळ्यांदेखत, ओठ पुरते उघडून, जयसिंगरावांचा एकेक शब्द त्यांना सांगितला.